वरच्या खोलीतला शब्द

टिंगरेनगरातली वरची खोली बाबिकरला दिली
तेव्हा एजंटने करारात लिहिलं : सुदान, बी. फार्म., भाषा अरबी.
अरबी तो मित्रांशी बोलायचा. खणखणीत, जिन्यापर्यंत.
गुरुवारी रात्री मात्र गच्चीवर, टाकीला पाठ टेकून,
दुसरंच काही.

आईशी, म्हणाला मोडक्या हिंदीत.
गावात रेंज नाही, म्हणून ती टेकडी चढते
आणि शेजारच्या देशाचं सिम घालते.
वरून दोन्हीकडची गावं दिसतात.
दोन्हीकडे हीच भाषा. पुढे संपते.

किती माणसं बोलत असतील?
त्याने कठड्यावरून खाली पाहिलं,
आमची गल्ली, मागची सोसायटी,
पार धानोरीच्या दिव्यांपर्यंत बोट नेलं,
मग जरा मागे आणलं.

लोहगावची विमानं नेमकी तेव्हाच उठायची.
मांडणीतली भांडी थरथरायची
आणि तो फोनमध्ये एकच शब्द म्हणायचा.
दोन अक्षरी. मधोमध, घशात,
शेंगेचं टरफल फुटावं तसं काहीतरी.
बाराखडीत बसेना. दुधाच्या हिशेबाखाली
मी ‘क’चा पाय मोडून पाहिला, ‘ग’चाही.
अर्थ मात्र उघडच होता : थांब.

मग मलाही लागला तो.
कुकर फुसफुसू लागला की. रिक्षावाल्याने वळण सोडलं की.
एकदा तर बँकेत, टोकन हातात धरून, साक्षात मॅनेजरला.

एप्रिलात तिकडे लढाई पेटली.
चार गुरुवार तो टाकीपाशी नुसता उभा.
पाचव्या गुरुवारी फोन लागला. विमान आलं.
तो गप्पच राहिला.
शब्द तिकडून आला, बाईच्या आवाजात,
स्पीकर फाटेल इतका,
खाली ओट्यापाशी मला ऐकू गेला.

भाडं द्यायला आला तेव्हा विचारलंच :
थांब, ना?
आमच्या गावात थांब, म्हणाला.
आईचं माहेर ओढ्यापलीकडचं,
दुसऱ्या देशातलं.
तिथे म्हणतात तेव्हा अर्थ होतो, आहे इथेच.
मग इतकी वर्षं तुम्ही दोघं
एकमेकांना काय सांगत होता?
त्याने नोटा पुन्हा मोजल्या. शंभर जास्त होते.

आता त्या खोलीत लातूरची दोन पोरं आहेत.
परवा गच्चीवर पापड घालत होते, विमान गेलं.
काय म्हणालात काकू? एकाने विचारलं.
म्हटलं, काही नाही,
तेवढं प्लास्टिकचं टोक दाबून धर.