कोपराचं माप

बहिरमच्या जत्रेआधी दीड महिना
करजगावात आमच्या अंगणात प्लायवूडचा भुसा उडायचा.
परतवाड्याहून सलामतसेठ लुनावर यायचा,
मागं चादरीत बांधलेला जुना टीव्ही.
"डोमाजी, औंदा चार डबे पाह्यजेत.
दोन फायटरचे, एक गाडीचा, एक इमानाचा."

बाबांनी एकही गेम कधी खेळला नाही.
त्यांच्या लेखी ते कपाटच,
फक्त कपडे ठेवायच्या जागी उजेड.
त्यांना एकच घोर:
पोट्टं तासभर उभं राहील तर हात कुठं टेकेल?

"बेबी, इकडं ये. हात धर समोर. हालू नोको."
मी दहा वर्षांची.
नसलेल्या पोळपाटावर पोळी लाटल्यासारखी
उभी राहिले.
जमिनीपासून कोपरापर्यंत पट्टी लागली,
कानामागची पेन्सिल निघाली:
बत्तीस इंच, सहा सूत.

मग त्या उंचीवर फळी बसली, जराशी कलती,
मनगट अवघडू नये म्हणून.
पाटलीणबाईंच्या कपाटातून उरलेला
गुलाबी फुलांचा सनमायका तिच्यावर.
दांड्याला सागाचा लट्टू,
पाळण्याला लावतात तोच.

इझहार पेंटर एरवी ट्रॉल्यांवर मोर काढायचा.
सेठनं त्याला तोंडी सांगितलं,
परदेशी पैलवान आहे, हातातून आग फेकतो.
इझहारनं त्याला मिशा दिल्या, लाल लंगोट दिला,
अन् तळहातावर
दिवाळीचा अनार पेटवला.
वरच्या काचेवर नाव मागून लिहायचं, उलटं,
म्हणजे पुढून सुलटं दिसतं.
'फायटर'मधला र तेवढा तो उलटायला विसरला,
तो मग त्या डब्यावर
जन्मभर उलटाच राहिला.

जत्रेत जनरेटरवर तंबू घुमायचा.
"पोरीचं काय काम तिथं?" आई म्हणाली
अन् हंडीच्या चुलीपाशी मला काड्या सारायला बसवलं.
कनातीला एक फाट होती.
तिच्यातून पाठीच पाठी दिसायच्या,
घाटलाडकीचे पोट्टे, शिरजगावचे पोट्टे,
अन् सगळ्यांची कोपरं
माझ्या कोपराच्या उंचीवर.
उंच होते ते वाकलेले,
बुटके विटेवर चढलेले.
ना वाकायचं ना चढायचं
असं त्या अख्ख्या जत्रेत एकच माणूस होतं,
ते काड्या सारत होतं.

परवा चांदूर बाजारच्या रस्त्यावर
पंक्चरच्या दुकानात तो दिसला.
काच फुटलेली, टीव्ही काढलेला,
पोटात ट्यूबा, सोल्युशनचे डबे, एक जेवणाचा.
पैलवानाच्या मिशा तेवढ्या शिल्लक.
मी मागं गेले, कोळिष्टक बाजूला केलं.
फळीवर बाबांची पेन्सिल:
बेबी ३२ इं. ६ सू.

बाकी तिघांच्या पाठीवरही असेल.
किंवा सरपणात गेलं असेल, काय माहीत.

पुढं येऊन हात ठेवले तर
आता मलाच वाकावं लागलं.
लाल बटण एक उरलं होतं.
दाबलं,
स्प्रिंगनं बोट वर ढकललं.

"ताई, हवा का पंक्चर?"
"हवा," म्हटलं. "दोन्ही चाकात."
चाकं टणक होती.
त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं,
माझ्याकडं पाहिलं,
अन् नळी लावली.