वयख

सावद्याला, केळीच्या वखारीच्या ऑफिसात
लॅपटॉप सुरू, शेजारचा मॉनिटर काळाठिक्कर.
मध्येच निळी पाटी तरंगते: सिग्नल नाही.
मग तीही विझते.

केबल काढली, फुंकली, पुन्हा खोचली.
सेटिंगात जाऊन 'शोधा' म्हटलं,
लॅपटॉप म्हणतो, दुसरा पडदा सापडला नाही.
वीतभर अंतरावर आहे रे बाबा!

बाहेर तीन गाड्या भरून उभ्या,
पावत्यांसाठी ड्रायव्हर दारात,
कूलरमधलं पाणी संपलेलं.

शेवटी उखर्डूभाऊ आले.
हयात रेडिओ-टीव्हीत गेली,
आता येईल ते खोलतात.
"वयख तुटली यांची," म्हणाले.
सगळ्या वायरी काढल्या, भिंतीतल्यासुद्धा.
मॉनिटरचं बटण दाबून धरलं तीस मोजेपर्यंत
आणि चक्क चहा मागवला.

"आता?"
"पोटातली वीज मरू दे."

चहा पिता पिता मी नावाचं विचारलं.
आधीची तीन गेली होती,
म्हणून आईनं उकिरड्यावर ठेवलं त्यांना,
घटकाभर, कुणाचंच नसल्यासारखं.
मग आत्यानं सुपात उचलून आणलं,
हे कुणाचं पोर पडलंय, म्हणत.

बशी खाली ठेवली.
आधी मॉनिटर, मग केबल,
सगळ्यात शेवटी लॅपटॉप.

पडदा लुकलुकला.
माझा बाण उजव्या काठावर अडखळला,
आणि पलीकडे निघून गेला.

पन्नास रुपये घेतले.
"केबल जुनी झाली, बदली घेजो,"
पायरीवरून म्हणाले.
अजून बदललेली नाही.