आवाज राहू दे

जिगर नावाचा पोरगा आला, बूट दाराशी काढून,
हातात लाल ठिपका फेकणारं यंत्र.
ठिपका भिंतीवर, ठिपका खिडकीच्या गजावर,
एकदा चुकून माझ्या पदरावर,
तर लाजून म्हणाला, सॉरी आंटी.

नऊ फूट चार इंच बाय सात.
एवढंच होतं होय!
सव्वीस वर्षं मला जास्त वाटत होतं.

खालची कपाटं फुगलीयेत सगळी.
श्रावणात विश्वामित्री घरात आली, तीन दिवस राहिली,
जाताना ओट्याखाली चार बोटांवर
एक तपकिरी रेघ सोडून गेली.
दक्षाबेनकडे ती ओट्याच्या वर आहे,
त्यांचं जोतं बुटकं.
कारेलीबागेत हल्ली कुणाकडेही गेलं
की पाणी प्यायच्या आधी आपण रेघ बघतो.

तो फॉर्म भरत होता.
रसोडामां केटला जण काम करे?
एक, म्हटलं.
मग म्हटलं, दीड. रविवारचा चहा उपेंद्र करतो
आणि ओटा पुसतो पोळ्यांच्या फडक्यानं.
त्यानं एक लिहिलं.

डबे किती?
बेचाळीस.
त्यातला एक आमचा नाही.
पाणी ओसरल्यावर गाळातून भांडी काढली,
आईच्या पातेल्यांवर आईचं नाव,
माझ्यावर, म्हणजे माझ्या भांड्यांवर, माझं,
आणि एका डब्यावर गुजरातीत
कुणा मधुकांताच्या स्मरणार्थ.
दक्षाबेननं चार सोसायट्यांत विचारलं. कुणाचा नाही.
तूरडाळ ठेवते त्यात.
न पाहिलेल्या बाईचं नाव रोज साडेदहाला
माझ्या अंगठ्याखाली येतं.

बीजो कंई वपराश, आंटी?
म्हटलं, स्वयंपाक. अजून काय असतो?

आता त्याला काय सांगू,
की उपेंद्र भावाशी बोलतो ते इथेच, नळ सोडून.
नळ वाहायला लागला की समजायचं
नवसारीच्या जागेचा विषय निघाला.
की ईशानी सीएचा अभ्यास ओट्यावर बसून करते,
पाय पिठाच्या डब्यावर,
खोलीत टेबल आहे, दिवा आहे, पण तिथे जो तो डोकावून विचारतो
किती झालं.
इथे माणूस आला तर पाणी पितो आणि जातो.

आणि मामंजी.
रात्री दोनला येतात, दिवा न लावता,
भिंतीला हात धरून, दोनशे ऐंशी साखर असलेला माणूस.
साखरेच्या डब्याचं झाकण असं उघडतात
जसं झोपलेल्या बाळाची मूठ सोडवावी.
तरी शेवटी ते एकदा कुरकुरतंच.
मी अंथरुणात मोजते.
पहिला चमचा जाऊ देते.
दुसऱ्याला खोकते.
झाकण लागतं.
सकाळी पेपरमागून म्हणतात,
तुझा तो रात्रीचा खोकला गेला नाही अजून,
तुळशीचा काढा घे.
घेते मी. काय करणार.

जिगरनं टॅबवर चित्र दाखवलं,
पांढरंशुभ्र, कुणीच न राहणारं.
बधां ड्रॉवर सॉफ्ट क्लोज, म्हणाला,
जराय अवाज नहि आवे.

जराही नाही?
जराय नहि, आंटी. घरनां सूतां होय तोय नहि.

मी म्हटलं, एक ड्रॉवर साधा ठेव.
हा, इथला, गॅसच्या डाव्या हाताचा.
पट्टी घट्ट बसव, थोडी घासली पाहिजे.
तो बघत राहिला.
एमां शुं लखुं?
लिही काहीही. लिही, आंटीला आवडतं.

पेन थांबलं, मग चाललं.
लाल ठिपका एकदा पुन्हा भिंतीवर गेला,
रेघेच्या खाली, रेघेच्या वर,
आणि विझला.

संध्याकाळी कोटेशन आलं मोबाइलवर,
एक लाख चौऱ्याऐंशी हजार, जीएसटी वेगळा.
उपेंद्रनं चष्मा लावून वाचलं,
चष्मा काढून वाचलं,
काही बोलला नाही.
उठला
आणि नळ सोडला.