साडेपाचची नोंद

जूनमध्ये साडेपाचला
ऊन असं मानेवर बसलेलं असतं
की आकडे लिहिताना पेन घामाने निसटतं.
आता कार्तिक उतरणीला लागलाय.
तीच वेळ, तेच साडेपाच,
आणि पारा वाचायला मी टॉर्च लावते.

वेळ सरकारी आहे, ती हलत नाही.
उजेड हलतो.

आज कमाल सव्वीस पूर्णांक चार.
वारा वायव्येचा, जेमतेम.
डबऱ्याकडे धानाची खुंटं पेटवलीत,
त्यांचा धूर ग्वाल्हेरपर्यंत चालत आलाय
आणि दमून इथेच बसलाय.
किती दूरचं दिसतं हे ठरवायला आमच्या खुणा असतात:
पाण्याची टाकी, पाचशे मीटर;
रेल्वेचा सिग्नल, हजार;
किल्ला, चार किलोमीटर.
किल्ला दिसत नाही.
म्हणजे आहे, पण नोंदीपुरता नाही.
भदौरिया चहा ठेवतो, तिकडे बघतो,
"मैडम, किला कोई ले गया क्या?"

गच्चीवर काचेचा गोळा आहे,
लहानशा नारळाएवढा.
दिवसभर तो ऊन गोळा करतो
आणि मागच्या पट्टीवर जाळत जातो
एक बारीक रेघ,
तासांच्या खुणांवरून.
ढग आला की रेघ तुटते.
हिवाळ्याच्या पट्ट्या वेगळ्या, आखूड, वाकलेल्या;
लोक रजया काढतात तशा
त्या गेल्या महिन्यात कपाटातून काढल्या.
सूर्य मावळला की पट्टी बदलायची,
मागे तारीख घालायची,
गठ्ठा पुण्याला पाठवायचा.

बाबांनी चौतीस वर्षं हेच केलं.
आता माझा चेहरा त्यांना
धुक्यातल्या टाकीसारखा दिसतो:
आकारावरून ओळखतात.
पट्टी घरी नेता येत नाही.
म्हणून मी जाड कागद कापते
आणि उदबत्तीच्या टोकाने
तेवढीच रेघ जाळते, तिथेच तुटणारी.
जेवण झालं की ते तिच्यावरून बोट फिरवतात.
"नऊनंतर उघडलंय.
एकला थोडं गेलं होतं?"
हो, पातळ ढग.
"आणि चारलाच संपलं. धूर, दुसरं काय."
मग कानटोपी ओढून झोपतात,
गावात फेरी मारून आल्यासारखे.

बुधवारी ऊन पडलंच नाही.
सकाळी साडेआठला टाकीसुद्धा नव्हती.
दौलतगंजात गजक कुटणाऱ्यांचे नुसते आवाज,
माणसं नाहीत;
दुपारी बाराला स्कूटरचे दिवे चालू.
पट्टी कोरी निघाली, जराशी दमट.
वहीत मी लिहिलं: शून्य.

घरी मात्र हात थांबेना.
दीडच्या सुमाराला
बारा मिनिटांची रेघ जाळली.
बारा मिनिटांनी कुणाचं काय जातं.

त्यांनी बोट लावलं. मग कागद नाकाशी नेला.
"दीड वाजता मी गॅलरीत होतो," म्हणाले,
"पाय गारठून लाकूड झाले होते.
हे चंदन आहे, ऊन नाही."
मी गप्प.
म्हणजे इतके दिवस
त्यांना वास येतच होता.
"नोंदीत दया घालू नये, यामिनी.
कोरा दे."

मी कोरा दिला.
त्यावरून त्यांनी सातपासून पाचपर्यंत
इतकं सावकाश बोट नेलं
की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी
आम्ही दोघं हललो नाही.
मध्ये एकदा थांबले,
कागद जरा खरबरीत होता तिथे,
आणि पुन्हा निघाले.

"होता, सगळा दिवस होता," म्हणाले.
"आता दूध बघ."

आज सूर्यास्त पाच सत्तावीसला,
म्हणजे पुस्तकात.
तीन मिनिटांनी मी गच्चीवर उभी,
दातांत टॉर्च, हातात वही,
शालीचं टोक वाऱ्याने नाही, माझ्याच घाईने उडतंय.
टाकी: दिसते.
सिग्नल: दिसतो, लाल.
किल्ला: