तात्पुरती दुरुस्ती

बॅलार्ड इस्टेटच्या मागल्या गल्लीत
कैकूशेटच्या दुकानात मी एकतीस वर्षं
समुद्र दुरुस्त करत बसले.

हसू नका. पगारपत्रकावर तसंच होतं:
नकाशा-दुरुस्ती, महिला कारकून, एक.

दर आठवड्याला सूचनांचं पुडकं यायचं.
अमुक बोया सरकला,
तमुक दीप आता पाच नाही, दहा सेकंदांनी मिचकावतो,
एडनच्या वाटेवर उथळ जागा सापडली.
बारीक निबानं, जांभळ्या शाईत मी ते उतरवायची,
खाली तारीख आणि आद्याक्षरं.
मग जहाजं निघायची
माझ्या अक्षरावर विसंबून.

मी स्वतः मांडव्यापलीकडे गेलेली नाही.
लाँचमध्येसुद्धा मला मळमळतं.

पण विचारा, कुठं काय आहे ते.
हा दर्या तीन बाजूंनी बांधलेला:
डावीकडे आफ्रिकेचं शिंग, वर अरबस्तान,
मकरानचा कोरडा काठ, उजवीकडे आपण.
उत्तरेला दार नाही.
जे काही यायचं-जायचं ते दक्षिणेच्या उघड्या अंगानं.
म्हणून वारा इथं वर्षातून दोनदा मत बदलतो
आणि त्याच्यामागून पाणीही.
त्या बदलत्या मतावर बसून खजूर आला, घोडे आले,
मिरी गेली, कापड गेलं,
माणसं गेली, त्यांतली काही आली.
आता तेल येतं. आणि वर्सोव्याच्या वाळूखालून
निघालेल्या तारांतून
तुमचे शुभरात्रीचे निरोप तळातळानं जातात.

मुंबईपासून खूप लांबवर तळ परातीसारखा:
चाळीस मीटर, साठ, ऐंशी.
बोंबील अलीकडे, बॉम्बे हायच्या ज्योती पलीकडे.
मग पायरी तुटते.
तीन हजार.
तिथं आकडे विरळ होतात, कागद पांढरा राहतो.
त्या पांढऱ्यावर मी कधी चहाचा कप ठेवला नाही.
का, ते विचारू नका.

एका भांगाच्या दिवशी जोमा तांडेल आला, मढचा.
हातात सोड्यांची पुडी, पायात काही नाही.
काउंटरवरचा नकाशा त्यानं आधी उलटा पाहिला,
मग स्वतःच फिरून माझ्या बाजूला आला
आणि बोट टेकवलं.
"बाय, यां माजा भाव हाय."

एकवीस वाव, म्हणाला. खाली गाळ.
मी वाकून पाहिलं: अडतीस मीटर,
शेजारी बारीक अक्षरात चिखल.
एका वावेचाही फरक नाही.
होरी अजून तिथंच आहे, जाळी फाटतात लोकांची.
एवढंच बोलला.

सूचनेशिवाय शाई उघडायची नाही हा नियम.
कैकूशेट म्हणायचे, कागद आला नाही
तर दर्यात काही झालंच नाही.
पण तात्पुरत्या गोष्टी पेन्सिलीनं लिहितात.
एक आडवी रेघ, तिच्यावर तीन उभ्या.
बुडालेल्या बोटीची खूण.
पुढं 'ता.'.

नवी आवृत्ती आली की मी ती पुन्हा काढायची,
विकलेल्या प्रत्येक प्रतीवर. सोळा वर्षं.
एका कप्तानानं विचारलं, ही कुठली सूचना?
जुनी आहे, म्हटलं.

मग पडदे आले. समुद्र आपोआप दुरुस्त होऊ लागला.
दुकानात आता चष्म्याच्या फ्रेमी मिळतात.

परवा भाऊच्या धक्क्यावर जोमाचा मुलगा भेटला.
बाप गेला, म्हणाला, घरातच, खाटेवर.
त्याच्या बोटीवरचा पडदा त्यानं मला दाखवला.
मी ती जागा शोधली.
अडतीस. बाकी काही नाही.

तरी आम्ही तिथं जाळं टाकत नाही, तो म्हणाला.
का रे?
बाप सांगायचा, नकाशात आहे.