कळ

डॉक्टर मगदूम सांगलीहून येतात, बुधवारी,
दवाखाना बंद असतो तेव्हा.
दात काढणारा माणूस. दिवस मावळायच्या आत जेवणारा,
मुंगी दिसली तर चप्पल उचलून पलीकडे ठेवणारा.
आणि पिशवीत, फ्लॅनेलच्या तुकड्यात, तीन रिव्हॉल्वर :
एकाच कारखान्याची, एकाच वाणाची,
तिळी म्हणावीत तर वयात चार-चार वर्षांचं अंतर.

"दस्तगीरभाई, फरक सांगा."

आमच्या मिरजेच्या गल्लीत दोन्ही अंगाला भोपळे वाळत असतात.
भावकीनं तलवारी सोडल्या, सतारी धरल्या;
आमचं घर तेवढं लोखंडापाशीच राहिलं.
शेजारी कुणीतरी जव्हारी काढतंय,
एकच तार, परत परत,
आणि मी भिंगातनं बघतो.

पहिल्याच्या मुठीखाली कडी आहे. दुसऱ्याला नाही.
घोडे गेले, डॉक्टर, म्हणून कडी गेली.
स्वार उधळला तरी हत्यार दोरीला लटकत राहावं,
एवढ्याचसाठी होती ती.
पहिल्याची माशी अर्ध्या चंद्रासारखी, दुसऱ्याची उतरती :
चामडी म्यानात अडकली असणार कुणाची,
नको त्या वेळेला.
तिसऱ्याला मोठ्या स्क्रूच्या कुशीत एक बारका स्क्रू.
मोठा हलला की हा धरतो.
म्हणजे कधीतरी, कुठंतरी,
एक स्क्रू गळून पडला होता गवतात,
आणि ज्याचा पडला
तो तक्रार लिहिण्यापुरता तरी जगला.

फरक म्हणजे तक्रार, डॉक्टर.
धडधाकट वस्तूला कुणी कानस लावत नाही.

ते वहीत लिहून घेतात. अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं.

मग पिशवीच्या तळातनं चौथं काढलं.
जतकडच्या एका घरातनं आलेलं, परवान्याच्या कागदासकट.
"ही अंगठ्याची कळ बघा. डावीकडं उतरती.
कुठल्याच यादीत नाही.
सगळ्या जगात एकच असेल."

मी भिंग उचललं.
आणि भिंग नको झालं.

कळीवर तिरप्या रेघा, अकरा.
अकरावी जरा आखूड.
अब्बांची कानस तिथं उचलायची;
तर्जनीचं एक पेर लेथच्या पट्ट्यात गेलेलं,
शेवटाला बोट पुरायचं नाही.
बहात्तर साल. विहिरीत खडखडाट.
विलायतेचा भाग कोण मागवणार?
एसटीच्या तुटक्या पाट्याचा तुकडा घेतला त्यांनी,
तीन दिवस घासला.
भाता मी ओढत होतो, नऊ वर्षांचा.
लाल कळ तेलात बुडवली तेव्हा चर्र झालं,
गल्लीभर करडईचा वास.
त्या दिवशी घरात फोडणीला तेल उरलं नाही.
अम्मी काही बोलली नाही. भांडी मात्र जोरात आपटली.

मी सांगितलं. सगळं. तेलासकट.

डॉक्टर हसले. भला माणूस, पण हसले.
"काहीतरीच काय, दस्तगीरभाई.
कारखान्याचं काम आहे हे.
हाताला असं जमत नसतं."

तुम्ही तर तोंड उघडलं की ओळखता
कुठला दात जन्माचा, कुठला बसवलेला,
असं म्हणणार होतो. म्हणालो नाही.
कारण कानात तेच वाक्य फिरत होतं :
कारखान्याचं काम आहे हे.
अब्बांना आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं.
आठ आणे कमी करा की, एवढंच म्हणायचे लोक.

वहीत त्यांनी लिहिलं :
प्रकार चौथा. कळ वेगळी. कारण माहीत नाही.

मी एक थेंब तेल सोडलं, दाबून बघितली.
टक्.
शेजारची तार कधीची थांबली होती.
अंगठा तिथंच ठेवून बसलो जरा वेळ.
डॉक्टर घड्याळ बघत होते;
ऊन कृष्णेकडं कललेलं,
आणि त्यांना उजेडात घरी पोचून
जेवायचं होतं.