तक्ता क्रमांक चार

प्रबंधात मी लिहिलं होतं:
"पत्र्याच्या छताखालील निवासांत रात्रीचे किमान तापमान
सरासरी चार अंशांनी अधिक आढळते."
आढळते.
कोणाला, ते लिहायचं नसतं.
अळशी सरांनी "मला" हा शब्द
तीन ठिकाणी लाल शाईनं खोडला होता
आणि समासात बारीक अक्षरात:
तुम्ही इथे नाही आहात.

तो प्रबंध वाचला चौघांनी.
दोन परीक्षक, एक सर,
आणि सीताबर्डीवरचा टायपिंगवाला,
ज्यानं सगळीकडे "उष्णता"ची "ऊष्णता" केली
आणि बाइंडिंगच्या वेळी विचारलं,
मॅडम, उपाय कोणत्या पानावर आहे?

मग पुरवणीच्या घुश्यांचा फोन.
सहाशे शब्द. तळटीप नको. आकडे दोनच.
"रविवारचा वाचक चहा पीत असतो,
त्याला घाम फोडू नका."
मी "सरासरी" काढलं, "सापेक्ष आर्द्रता" काढली,
शेवटी "बहुधा" काढलं.
तो एक शब्द नीट वापरायला
मला सात वर्षं लागली होती.
छापून आलं: नवतपा आला, तब्येत सांभाळा!
वर चित्र, पन्ह्याच्या ग्लासाचं,
ग्लासात बर्फ.

शंकरनगरच्या मावशीचा फोन आला,
छान लिहितेस गं, सगळं समजलं.
सर व्हरांड्यात भेटले. म्हणाले, "वाचलं."
पूर्णविराम त्यांनीच दिला.

त्याच लेखाचं पुढे पत्रक झालं,
पिवळ्या कागदावर, मोठ्या टायपात.
ते घेऊन मी पाचपावलीत गेले,
जिथे दोन उन्हाळे मी
भिंतीभिंतीला तापमापी टांगत फिरले होते.
देवकाबाई बारापात्रे ओट्यावर बसल्या होत्या,
सुपारीच्या पिशव्या चिकटवत.
अक्षरावर बोट ठेवत त्यांनी मोठ्यानं वाचलं:
भरपूर पाणी प्या.
"पानी दिवसाआड येते, थे पन लिव न बाप्पा."
दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका.
"बाहीर बरं रायते वं. घरात पडू नका, असं लिव."
मग पत्रकाची घडी करून
त्यांनी पंख्यासारखी हलवली.
वारा आला थोडा.

"अन थ्या मोठ्या पुस्तकात माह्यं काय लिवलं?"

पिशवीत होता प्रबंध, नुसता वजनाला.
मी पान एकशे अडतीस उघडलं.
तक्ता क्रमांक चार, ओळ अकरावी:
स्त्री, वय त्रेसष्ट, झोपेचे तास ३.२,
एका रात्रीची नोंद.
नाव नव्हतं. नाव लिहायचं नसतं.
मला वाटलं, आता त्या हसतील,
किंवा विचारतील, बस एवढंच?

त्यांनी बोट ठेवलं टिंबावर.
"तीन त समजलं. हे पॉइंट दोन काय हाय?"
बारा मिनिटं, मी म्हटलं.
देवकाबाई बराच वेळ गप्प.
हातातली पिशवी तशीच, डिंक वाळत चाललेला.
"हो. बरोबर हाय.
त्या रातच्याले फाटेफाटे लाइट आली होती.
पंखा फिरला, तसा डोया लागला जरासा.
मंग गेली."

दोन्ही परीक्षकांनी
तक्ता चारवर काहीही विचारलं नव्हतं.

"याची झेरॉक्स दे मले,
लाइटच्या ऑफिसात दाखवतो.
हे पिवळं नको. हे त कोनीबी लिवते."

कोपऱ्यावरच्या दुकानात गर्दी होती,
बारावीच्या गुणपत्रिका, जातीचे दाखले.
झेरॉक्सवाल्यानं पान उलटून पाहिलं,
म्हणाला, एक बाजू की दोन्ही?
मागं काय हाय, देवकाबाईंनी विचारलं.
मागं तळटीपा आहेत, मी म्हटलं,
दुसऱ्या लोकांची नावं,
ज्यांनी हे आधी लिहून ठेवलंय.

"मंग त्याईलेबी येऊ दे," त्या म्हणाल्या.
"ऑफिसात एकटं जाऊ नये."